द फील्ड माइस : सुरुवात कुठून करावी? सगळी गाणी एकसारखीच का वाटतात?

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, इंडी पॉप (छोट्या स्वतंत्र कंपन्यांचं गिटार पॉप) ऐकणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. 'द फील्ड माइस' या इंग्लंडच्या बँडचं 'एमाज हाऊस' फार आवडलं, म्हणून 'स्नोबॉल' आणि 'फॉर कीप्स' हे दोन्ही अल्बम लागोपाठ लावले. वाईट एकही गाणं नाही, पण थोड्या वेळाने कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं तेच कळेनासं झालं. गिटारची किणकिण, हळू आवाजातलं गाणं, विरह, पुन्हा किणकिण. या बँडची कुणी दखल घेतली नाही म्हणून इथे बरेच जण हळहळतात, तर नेमकं काय ऐकायचं ते सांगा.

ऐकायला फोन आहे आणि एक ब्लूटूथ स्पीकर. काकांकडे जुना टर्नटेबल धूळ खात पडलाय. त्याच्यासाठी यांच्या रेकॉर्ड मागवण्यात अर्थ आहे का? आपल्याकडच्या मे महिन्यात त्या टिकतात का, हेही सांगा.

---

भुसावळ_जंक्शन

भाऊ, तुम्ही अल्बमपासून सुरुवात केलीत आणि घोळ तिथेच झालाय. हा बँड अल्बमचा नाहीच.

यांची कंपनी होती ब्रिस्टलची सारा रेकॉर्ड्स. क्लेअर वॅड आणि मॅट हेन्स या दोघांनी ती १९८७ मध्ये काढली आणि १९९५ मध्ये ठरवून बंद केली. दोघंही त्याआधी घरी छापलेली छोटी संगीतपत्रं काढायचे. सात इंची सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) स्वस्त असते, पोरासोरांना परवडते, त्यामुळे पॉपचं खरं माप तेच, असं त्यांचं पक्कं मत होतं. सिंगल विकत घेतलेल्या माणसाला तीच गाणी अल्बममध्ये पुन्हा विकायची याला त्यांचा विरोध होता. परिणाम असा की 'एमाज हाऊस', 'सेन्सिटिव्ह', 'सप्टेंबर्स नॉट सो फार अवे', 'मिसिंग द मून' यांतलं एकही गाणं त्या काळच्या मूळ अल्बमांत सापडत नाही (संकलनं वेगळी). ज्या गाण्यांवर बँडचं नाव टिकलंय तीच बाहेर राहिली. नुसते अल्बम ऐकणाऱ्याला यांची मुख्य गाणी भेटतच नाहीत.

दुसरा गोंधळ नव्या आवृत्त्यांचा. मूळ 'स्नोबॉल' (१९८९) दहा इंची होता, गाणी आठ. 'स्कायरायटिंग'मध्ये (१९९०) सहा. 'फॉर कीप्स'मध्ये (१९९१) दहा. २००५ मध्ये एलटीएम या कंपनीने हे तिन्ही सीडीवर पुन्हा काढले आणि सोबत सिंगल जोडल्या. तेव्हा समोरच्या यादीत गाणी याहून जास्त दिसली तर ती नंतरची आवृत्ती समजायची. अल्बमची गाणी तीच, पण जोडलेल्या सिंगलमुळे शेपूट लांब होते. सलग लावलं की सगळं एकसारखं वाटणारच.

स्वतःची यादी करा आणि सालाप्रमाणे लावा :

'एमाज हाऊस' (१९८८). दोनच माणसं, रॉबर्ट रॅटन आणि मायकल हिस्कॉक, लंडनच्या दक्षिणेकडच्या मिचमची. ड्रम वाजवायला माणूस नाही, यंत्र आहे.

'सेन्सिटिव्ह' (१९८९). इथे थांबा. शब्द संपल्यावर गाणं बंद करू नका, खरी गंमत पुढे आहे. गिटार एकावर एक चढत जातात आणि शेवट चांगलाच कर्कश होतो. 'मवाळ रडके' ही यांची ख्याती एवढ्या एका शेवटाने खोटी ठरते.

'लेट्स किस अँड मेक अप' ('स्नोबॉल'वरचं). हे सेंट एटिएन या इंग्लिश बँडने १९९० मध्ये नाचाच्या ठेक्यावर पुन्हा केलं. दोन्ही लागोपाठ ऐकली की मूळ गाण्यातच तो ठेका दडलेला होता हे ध्यानात येतं.

मग 'ट्रँगल' ('स्कायरायटिंग'वरचं), लांबलचक, जवळपास सगळं यंत्रावर. त्याच अल्बममधलं 'कॅनडा' लगेच लावा, ते साध्या गिटारवरचं, कंट्री वळणाचं. हे दोन्ही एकाच बँडचे आहेत यावर विश्वास बसत नाही, आणि इंग्रजी समीक्षकांचाही बसला नसावा. त्यांनी यांना किणकिणीच्या खोक्यात टाकलं ते टाकलंच.

शेवटी 'मिसिंग द मून' (१९९१). सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) ठेका, सात मिनिटांच्या घरातलं. शांत बसून ऐकायचं गाणं नाही हे.

एवढी पाच-सहा गाणी पोटात गेली की मगच अल्बम.

---

सूरपेटी (चाळीसगाव)

वरचं सगळं मान्य. पण तापीकाठ, तुमचं अर्धं दुखणं फोनच्या स्पीकरचं आहे.

या बँडमध्ये चाल बऱ्याचदा बेस गिटार चालवते. हिस्कॉक बेसवर नुसता आधार देत बसत नाही, वरच्या पट्टीत स्वतंत्र सुरावट वाजवतो. ही मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडकडून आलेली सवय. रॅटन त्यांचा आणि एकूण फॅक्टरी रेकॉर्ड्स या त्यांच्या कंपनीच्या बँडांचा चाहता. 'द वेक' हा ग्लासगोचा बँड आधी फॅक्टरीवर होता आणि नंतर साराकडे आला, तोही याच घराण्यातला.

आता आकडे बघा. बेसच्या चार मोकळ्या तारा ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झला बोलतात. बारीक तारेवर बारावा पडदा दाबला तरी १९६. फोनचा स्पीकर ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. वरचे स्वरांश थोडेफार येतात, त्यामुळे काहीतरी वाजतंय एवढं कळतं, पण सुरावट वेगळी ऐकू येत नाही. उरतं काय? गिटार आणि हळू आवाज. ते तर प्रत्येक गाण्यात आहेच. म्हणून सगळी गाणी सारखी.

ब्लूटूथ स्पीकरची अडचण वेगळी. लहान स्पीकर बहुतेक मोनो असतात, डावी-उजवी गिटार एकात कालवली जाते. शिवाय दणका वाटावा म्हणून आतलं सर्किट खालचा एकच पट्टा फुगवतं. कुठलाही स्वर वाजो, 'धुम्' तेच. आपल्याकडे लग्नातल्या डीजेने कानांची जी सवय करून ठेवलीय त्यात हे खपून जातं, इथे खपत नाही.

उपाय महागडा नाही. वायरचे, रबरी टोप्यांचे साधे इअरफोन घ्या. टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. फट राहिली की आधी बेसच पळतो, मग इअरफोन कितीही भारी असो. सोबत तीन मापांच्या टोप्या येतात, दोन्ही कानांना एकच माप बसेल असं नाही. ॲपमधला 'बास बूस्ट' बंद. तो ६० ते १०० हर्ट्झचा भाग उचलतो, त्याने यंत्राचा ड्रम सुजतो आणि बेसची सुरावट त्याच्याखाली दबते. आवाज सारखा ठेवणारी सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, चालू ठेवा. १९८८-९० ची रेकॉर्डिंग आजच्या गाण्यांपेक्षा हळू असतात, यादीत मध्येच नवं गाणं आलं की कानठळ्या बसतात आणि मग जुनं उगाच मिळमिळीत वाटतं.

आणि कान कुठे द्यायचा? 'एमाज हाऊस' एकदा फक्त बेस धरून ऐका, गायक काय म्हणतो तिकडे लक्षच देऊ नका. आपला कान हिंदी गाण्यावर पोसलेला. मुखडा, मग अंतऱ्यात चाल वर चढणार, गायक हरकत घेणार, ही वाट तो बघतो. रॅटन तसं काहीच करत नाही. जवळजवळ बोलल्यासारखं सपाट गातो आणि आवाज मिश्रणात मागे ठेवलेला असतो. चढण वाद्यांत आहे, तीही बऱ्याचदा शब्द संपल्यावर. गळ्यात अंतरा शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

---

अमळनेरकर

बठ्ठं बरोबर शे भो, पण 'अल्बम मागाहून' हे मला पटत नाही. 'फॉर कीप्स'वर अन्याय होतोय.

१९९१ पर्यंत दोघांचे पाच झाले होते. हार्वी विल्यम्स आला, त्याचा 'अनदर सनी डे' हा एकट्याचा उद्योग सारावरच होता. गायिका ॲनमरी डेव्हिस आली. मार्क डॉब्सन आला आणि ड्रमला हात मिळाला. म्हणून 'फॉर कीप्स' ऐकताना 'स्नोबॉल'ची मापं लावू नका, हा जवळपास दुसरा बँड आहे. 'कोच स्टेशन रियुनियन' धावतं गिटार पॉप आहे, 'विलो' डेव्हिस गाते, 'धिस इज नॉट हिअर' सावकाश पसरत जातं. पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत क्रम विचार करून लावलाय. मध्येच शफल लावून ऐकणाऱ्याला तो कसा कळणार?

मला वाटतं लागोपाठ दोन अल्बम लावले ही चूक, अल्बम लावले ही नाही. एक लावा, बंद करा, दुसऱ्या दिवशी दुसरा.

निर्मात्याचं नाव लक्षात ठेवा : इयन कॅट. मिचममध्ये आईवडिलांच्या घरातल्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता, यांचं काम तिथलंच. पुढे तोच सेंट एटिएनसोबत वर्षानुवर्षं राहिला. 'ट्रँगल' आणि 'मिसिंग द मून' इतकी यंत्रावर कशी गेली याचं निम्मं उत्तर त्या खोलीत आहे. मोठ्या स्टुडिओत तासाचे पैसे मोजत असं चुकतमाकत शिकता येत नाही.

बँड दुर्लक्षित राहिला त्याला समीक्षकांइतकीच त्यांची कारकीर्दही कारण आहे. १९८८ ला पहिली सिंगल आणि १९९१ संपता संपता बँड फुटला. तीन वर्षांत कोण कुणाला ओळखणार? १९९८ मध्ये हेन्सच्या पुढच्या शिंकान्सेन या कंपनीने दोन सीडींचं संकलन काढलं, 'व्हेअर्ड यू लर्न टू किस दॅट वे', तेव्हा नंतरच्या पिढीने यांना शोधलं. सीडीच घ्यायची असेल तर आधी ती बघा. सिंगल आणि अल्बम दोन्हीकडची गाणी त्यात आहेत, भुसावळवाल्यांचं आणि माझं दोघांचंही समाधान.

---

पत्र्याखाली_४५ (धुळे)

रेकॉर्डचं मी सांगतो. आधी काकांचं यंत्र तपासा, मग पैसे घाला.

झाकण काढून पट्टा बघा. जुना रबरी पट्टा आपल्या उन्हात डांबरासारखा चिकट होतो, बोटाला लागला की निघत नाही. तो स्पिरिटने पुसून काढायचा आणि चाकाची धारही पुसायची. नवीन पट्ट्यासाठी पट्ट्याच्या मार्गाभोवती दोरा फिरवून लांबी मोजा, पट्टा त्याहून साधारण पाच टक्के आखूड घ्या. ढिला असला तर सूर डळमळतो आणि फार ताणलेला असला तर मोटरच्या बेअरिंगवर ओढ येते.

मग सुई. जुन्या पेटीवजा यंत्रांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं, त्याचा दाब पाच-सहा ग्रॅम. तसल्या यंत्रावर महागाची सिंगल लावू नका, चर खरवडले जातात. मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर उत्तम. सर्रास मिळणारं ऑडिओ-टेक्निकाचं एटी ३६००एल अडीच ते साडेतीन ग्रॅमवर चालतं, तीनवर ठेवा. 'दाब कमी तितकं रेकॉर्डला बरं' हा गैरसमज आहे. कमी दाबाने सुई चरात उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. तुम्ही जळगावचे, सोन्याच्या गावात ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा मिळायला अडचण नाही. फक्त त्याचं ताट लोखंडी नको. कार्ट्रिजमधलं चुंबक ते ओढतं आणि वजन भलतंच दाखवतं. वर प्लॅस्टिकची एखादी उंच डबी ठेवून तिच्यावर सुई टेकवा. डबीसकट काटा शून्य करायला विसरू नका.

आता सूरपेटी म्हणतात त्या बेसची गोष्ट. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी आणि वरचे वाढवून कापतात, वाजवताना ते उलटं करावं लागतं. ते काम फोनो प्रीॲम्पचं. मॅग्नेटिक कार्ट्रिजची वायर थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (साध्या ऑडिओ खाचेत) खुपसली तर आवाज अगदी बारीक येतो आणि ५० हर्ट्झला सुमारे १७ डेसिबलचा खड्डा राहतो. म्हणजे हिस्कॉक पुन्हा गायब. उलट टर्नटेबलच्या आत प्रीॲम्प असेल आणि ॲम्प्लिफायरच्या फोनो खाचेत जोडलं तर दोनदा वाढ होऊन आवाज फाटतो. मागे बटण असतं, फोनो आणि लाइन, ते बघा.

उन्हाचं. ४५ अंशांनी रेकॉर्ड वितळत नाही. व्हिनाइल साधारण ६० च्या पुढे मऊ पडतं. पण पत्र्याखालचा माळा आणि उन्हात उभी बंद गाडी दुपारी तिथवर सहज जातात. त्यात रेकॉर्ड तिरकी टेकवलेली असेल किंवा आडवी थप्पी असेल तर ती त्याहून आधीच वाकते. उभी, सरळ, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, आतल्या भिंतीच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. पश्चिमेची भिंत टाळा. कूलरच्या झोतातही नको. ओल्या हवेने कागदी वेष्टनाला बुरशी धरते, आणि सारा रेकॉर्ड्सच्या सिंगलमध्ये वेष्टनच निम्मा माल असतो. घडीचा कागद, आत एखादं पोस्टकार्ड नाहीतर पोस्टर, वर प्लॅस्टिकची पिशवी. जाड, मऊ, वास येणारी पीव्हीसीची पिशवी असेल तर फेकून द्या. उष्णतेने ती रेकॉर्डवर धुरकट डाग उठवते आणि तो जात नाही. पॉलिप्रॉपिलीनची, कडक, चुरचुर वाजणारी पिशवी घ्या.

धूळ आणि सरकीचा बारीक कापूस तर आपल्याकडे विचारायलाच नको. वाजवण्याआधी दर वेळी कार्बन फायबरचा ब्रश, फिरत्या रेकॉर्डवर दोन फेरे टेकवून बाहेरच्या दिशेने उचलायचा. धुवायला बोअरचं पाणी बिलकूल नको, त्यातला क्षार चरात सुकतो आणि कायमची कुरकुर बसते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. दुकानदाराकडून पाणीच आहे ना याची खात्री करा, त्याच्याकडे ॲसिडही त्याच आकाराच्या कॅनमध्ये असतं. चार भाग पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीवाले 'आयपीए' म्हणतात ते), मऊ फडक्याने चराच्या दिशेने गोल पुसा, मधला कागद कोरडा ठेवा. घरात आजोबांच्या नाट्यपदांच्या ७८ च्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते.

मागवण्याबद्दल : डिस्कॉग्ज या जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या संकेतस्थळावर 'व्हीजी' (व्हेरी गुड) लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'उत्तम' घेऊ नका. व्हीजी म्हणजे खरखर ऐकू येणारच. यांच्या गाण्यात हळुवार जागा भरपूर, तिथे ती टोचते. व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका. आतले कागद आहेत का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. सात इंची रेकॉर्ड जेमतेम ४० ग्रॅमची, तरी विलायतेहून येताना टपाल तिच्या किमतीला भिडतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन एकदम घ्यावीत. पैसे अडकले तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार चालू आहे का पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर तो मुळात बंदच येतो.

स्पष्ट सांगायचं तर मूळ सिंगल हा संग्राहकांचा खेळ आहे. गाणी ऐकायची असतील तर सीडी.

---

तापीकाठ (जळगाव)

सगळ्यांचे आभार. वायरचे इअरफोन लावून 'सेन्सिटिव्ह' शेवटपर्यंत ऐकलं. बेसचं म्हणणं पटलं. आता दोन छोटे प्रश्न. शब्द सगळे तुटलेल्या प्रेमाचे, ते कुणाबद्दल आहेत हे माहीत असायला हवं का? आणि यांच्यानंतर काय?

---

अमळनेरकर

नको. गाण्याला त्याची गरज नाही. बँड फुटल्यावर रॅटन, डेव्हिस आणि डॉब्सन 'नॉर्दर्न पिक्चर लायब्ररी'त एकत्र होते. मग रॅटन आणि डेव्हिसचं नातं तुटलं आणि त्यातून 'ट्रेम्बलिंग ब्लू स्टार्स'चा 'हर हँडरायटिंग' (१९९६) आला. तिथे मात्र हा संदर्भ ठाऊक असला तर अल्बम वेगळा उघडतो. पण तो पुढचा मुक्काम, आत्ता घाई करू नका.

---

भुसावळ_जंक्शन

पुढे काय ते शोधायला ॲपच्या 'असंच आणखी' यादीवर विसंबू नका. ती सगळ्यांना तेच चार नामांकित बँड दाखवते. माणसांच्या मागावर जा : निर्माता, कंपनी, बँडमधली माणसं.

निर्मात्याच्या मागे गेलात तर 'दि ऑर्किड्स'. ग्लासगोचे, सारावरचे, इयन कॅटच्याच हाताखाली घडलेले. 'अनहोली सोल' (१९९१) आधी, मग 'स्ट्रायव्हिंग फॉर द लेझी परफेक्शन' (१९९४). माझ्या मते फील्ड माइसपेक्षाही यांच्याकडे जास्त दुर्लक्ष झालं. कंपनीच्या मागे गेलात तर ऑक्सफर्डचे 'हेवनली' (चटपटीत, रडगाणं नाही), रेडिंगचे 'ब्लूबॉय' आणि मेलबर्नचे 'शुगरग्लायडर्स'. साराची संकलनं ही सोपी वाट, त्यांना ब्रिस्टलच्या आसपासच्या जागांची नावं दिलीत, उदाहरणार्थ 'टेम्पल क्लाउड', 'एअर बलून रोड'. एका संकलनात चांगले डझनभर दरवाजे असतात.

आपल्याकडचं हवं असेल तर पुण्याचे 'ईझी वाँडरलिंग्ज', 'ॲज रिटन इन द स्टार्स' (२०१७), आणि कोलकात्याचे 'पारेख अँड सिंग', 'ओशन' (२०१६). दोन्ही इंग्रजीत गातात, दोघांचं ध्वनिमुद्रण सारापेक्षा खूपच स्वच्छ. तिथे बेस शोधावा लागत नाही.

---

सूरपेटी (चाळीसगाव)

ऑर्किड्ससाठी तेच इअरफोन ठेवा, पण आवाज दोन घरं खाली. 'स्ट्रायव्हिंग'वर ड्रम बरेच पुढे आहेत. फील्ड माइसच्या सवयीने लावलात तर पहिल्याच गाण्याला दचकाल.